कर्ज काढून आरसी ३९० घेऊ का?

वाचकाचा प्रश्न (नाव गुप्त ठेवून, पत्राचा सारांश) : चाळीसगाव परिसरातला २३ वर्षांचा तरुण. वडिलांच्या टू-व्हीलर स्पेअर पार्टच्या दुकानात बसतो. त्याच्याकडे २०१९ ची यामाहा आर१५ व्ही३ आहे. दोन वर्षांपासून मित्रांबरोबर पहाटे कन्नड घाटात गाडी चालवतो आणि ग्रुपमध्ये तोच सगळ्यात जोरात आहे. आता त्याला ट्रॅकवर उतरून शर्यतीत भाग घ्यायचा आहे. १५५ सीसीवर काही जमणार नाही असं त्याला वाटतं, म्हणून साठवलेल्या दीड लाखावर कर्ज काढून सेकंड-हँड केटीएम आरसी ३९० घ्यायचा विचार आहे. वळणात गाडी कलवताना गुडघा अजून जमिनीला टेकत नाही, तो टेकेपर्यंत ट्रॅकवर जायला संकोच वाटतो. वडिलांचा ठाम विरोध आहे, आई दोन दिवस बोलली नाही. सुरुवात करायचं वय निघून गेलं का, ही भीती आहेच. तो विचारतो : कर्ज काढू का? घाटात सराव कसा वाढवू? आणि आप्पांना कसं समजावू?

प्रिय भाऊ,

कर्ज काढू नकोस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

पत्रात तू आरसी ३९० ची किंमत मांडलीस, हप्ता मांडलास, विमाही मांडलास. पण ट्रॅकवरच्या एका दिवसाला काय लागतं, ते त्यात कुठेच नाही. सूट, बूट, प्रशिक्षणाची फी, चेन्नईला जायचं भाडं, टायरची जोडी, यातलं काहीच नाही. गाडी आली की बाकीचं आपोआप होईल, असं तू धरून चालला आहेस. होतं नेमकं उलटं. हप्ते सुरू झाले की ट्रॅकवर जायला पैसा उरत नाही आणि ती गाडी मग कन्नड घाटातच फिरत राहते. शर्यत शिकायची तर पैसा आधी ट्रॅकवरच्या फेऱ्यांवर आणि अंगावरच्या सामानावर जायला हवा. गाडीचा नंबर त्यानंतर.

आता ‘१५५ सीसीवर काही जमणार नाही’ याबद्दल. हायवेवर ज्याच्या इंजिनात दम जास्त तो पुढे जातो, म्हणून हा समज पक्का बसतो. ट्रॅकवर खरा हिशोब वळणात होतो. तुझ्या आर१५ ची पूर्ण ताकद १०,००० आरपीएमला मिळते आणि व्हीव्हीए (आरपीएम वाढले की इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा) ७,४०० च्या वर काम सुरू करतं. वळणात आरपीएम त्याच्या खाली गेले, तर बाहेर पडताना गाडी ओढत नाही. गरजेपेक्षा फक्त पाच किलोमीटरने वेग जास्त उतरवलास, तरी तो परत मिळवायला पुढची अख्खी सरळ खर्ची पडते आणि घड्याळात ते लगेच दिसतं. आरसी ३९० मध्ये ३७३ सीसी आणि ४३ पीएसच्या आसपास ताकद आहे. तिथे हीच चूक थ्रॉटल पिळला की झाकली जाते. रायडरला वाटतं आपण जोरात आहोत, प्रत्यक्षात वळणात तो हळूच असतो. अशी झाकलेली चूक वर्षानुवर्षं जात नाही.

म्हणूनच जगभर सुरुवात लहान गाडीवर होते. मोटोजीपी या जागतिक मोटारसायकल शर्यतीच्या शिडीतला मोटो३ हा वर्ग २५० सीसीच्या एका सिलिंडरच्या गाड्यांचा आहे. २०१२ पूर्वी त्या जागी १२५ सीसीचा वर्ग होता. व्हॅलेंटिनो रॉसी १९९६ मध्ये १२५ वरच जागतिक स्पर्धेत उतरला आणि मार्क मार्केझचं पहिलं विश्वविजेतेपद, २०१० चं, तेही १२५ वरचं. आपल्याकडे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत १६५ सीसीचा वर्ग आहे आणि टीव्हीएसच्या वन-मेक स्पर्धेत (सगळ्यांना एकाच कंपनीची एकसारखी गाडी) नवख्यांना अपाची आरटीआर २०० देतात. तुझ्याकडे आहे त्याच आकाराच्या गाडीवर शर्यत सुरू होते. एक मात्र लक्षात घे. १६५ च्या वर्गातल्या गाड्या नियमांच्या चौकटीत तयार केलेल्या असतात. तुझी शोरूमची आर१५ नेऊन तिथे पोडियम मिळणार नाही. पण शिकायला तिच्यापेक्षा चांगली गाडी शोधून सापडणार नाही. वजन १४० किलोच्या आसपास, स्लिपर क्लच (गिअर उतरवताना मागचं चाक अडखळू न देणारा) आहे, टायर स्वस्त, आणि पडली तर लागणारे निम्मे पार्ट तुमच्याच दुकानात मिळतील.

घाटाबद्दल थोडं कडक बोलतो. तो सराव वाढवायचा तर नाहीच, बंद करायचा.

पोलीस आणि कायदा त्यात आहेतच. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि वेगाची चाचणी किंवा शर्यत चालू असताना झालेलं नुकसान नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत बसत नाही. पण तुला शर्यतीचं वेड आहे म्हणून शर्यतीच्या भाषेतलं कारण देतो : घाट चुकीच्या सवयी लावतो. ट्रॅकवर रस्त्याची पूर्ण रुंदी तुझी असते. बाहेरच्या कडेवरून आत यायचं, उशिरा वळायचं, आतली कड वळणाच्या निम्म्यापुढे गाठायची आणि बाहेर पडताना पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत जायचं. घाटात अर्धा रस्ता समोरून येणाऱ्या ट्रकचा असतो. त्यामुळे रायडर लेनच्या मधून, घाबरून लवकर वळतो. लवकर वळलं की आतली कड लवकर येते आणि वळण संपता संपता गाडी बाहेर जाऊ लागते. घाटात तिथे कठडा किंवा बस असते. दुसरी गोष्ट, शिकायला तेच वळण तशाच रस्त्यावर पुन्हापुन्हा घ्यावं लागतं. घाटात कालच्या वळणावर आज डिझेल सांडलेलं असतं, परवा बारीक खडी. मग आज वेग वाढला तो कौशल्याने की नशिबाने, हे तुला कळणारच नाही. ग्रुपमध्ये सगळ्यात जोरात असणं हे मोजमाप नव्हे. कदाचित तुझे मित्र तुझ्यापेक्षा शहाणे असतील, एवढाच त्याचा अर्थ निघतो. तोरणमाळच्या घाटात जाणाऱ्या नंदुरबार-शहाद्याच्या पोरांनाही हेच लागू आहे.

गुडघ्याचा संकोच तर आजच सोडून दे. योग्य बसलेलं शरीर, पुरेसा वेग आणि गाडीचा कल हे तिन्ही जुळले की गुडघा आपोआप जमिनीला लागतो. तो शोधायला गेलं की अंग आत लोंबतं आणि सगळा भार हातांवर येतो. हातांवर भार आला की हँडल आवळलं जातं, पुढचं चाक रस्त्याशी स्वतःहून जुळवून घेऊ शकत नाही आणि गाडी वळायला नकार देते. पहिल्या दिवशी ट्रॅकवर येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा गुडघा टेकत नाही आणि प्रशिक्षक त्याबद्दल विचारतही नाही. तो तुझी नजर कुठे आहे ते बघतो.

बसण्याची पद्धत मात्र घरी शिकता येते. गाडी मागच्या पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर) उभी कर, पुढचं चाक धरायला एक जण ठेव. तळपायाचा पुढचा, चवड्याचा भाग फूटरेस्टवर. बाहेरच्या पायाची मांडी टाकीला घट्ट दाबलेली, कारण शरीराचा आधार तिथूनच मिळतो. बैठकीचा अर्धा भाग आत सरकलेला. छाती खाली, डोकं आतल्या बाजूला, जिथे आरसा असतो त्या दिशेने. कोपरं सैल. आता दोन्ही हात हँडलवरून उचलून बघ. अंग तोल न जाता तिथेच राहिलं तर बैठक बरोबर. पुढे कोसळलास तर मांडीची पकड कमी पडते आहे. रोज दहा मिनिटं, दोन्ही बाजूंना.

चालत्या गाडीवरच्या सरावासाठी खान्देशात एक चांगली सोय आहे, ती म्हणजे जिनिंगचं आवार. कपाशीचा हंगाम संपला की उन्हाळ्यात ही मोठमोठी काँक्रीटची आवारं रिकामी असतात. मालकाला रीतसर विचार, शक्यतो आप्पांच्या ओळखीने. सकाळी सहाला जा, एप्रिल-मेमध्ये आठनंतर जॅकेट-हेल्मेटमध्ये उभंही राहवणार नाही. आधी झाडून घे. सरकी, धूळ आणि कापसाचे तंतू टायरखाली आले की पकड जाते. टेनिसचे जुने चेंडू अर्धे कापून खुणा म्हणून ठेव, चाकाखाली आले तरी गाडी पडत नाही. दोन खुणा बारा-पंधरा मीटरवर ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये २० ते २५ च्या वेगाने इंग्रजी आठचा आकडा काढ. एका खुणेला वळसा सुरू झाला की नजर दुसऱ्या खुणेवर गेली पाहिजे, मान खांद्यापर्यंत वळली पाहिजे. थ्रॉटल एकसारखा, क्लच सोडलेला. इथे कल वाढवायचा नाही, मऊपणा वाढवायचा.

दुसरा सराव ब्रेकचा. सरळ रेषेत ४० च्या वेगाने येऊन ठरलेल्या खुणेपाशी पुढचा ब्रेक दोन बोटांनी दाब. झटका देऊन नाही. आधी फोर्क खाली बसेपर्यंत हलका, मग जोर वाढवत न्यायचा. पुढचं चाक लॉक होतं ते बहुतेक वेळा फोर्क दबण्याआधीच लिव्हर ओढल्यामुळे. थांबायच्या आधी लिव्हर हळूहळू सोडायला शीक. ट्रॅकवर वळणात शिरताना ब्रेक असाच निवळत न्यावा लागतो. या सगळ्याला पूर्ण सामान अंगावर हवं, २५ च्या वेगालाही.

आता पहिला ट्रॅक डे. तो तुझ्या गाडीवर करू नकोस, शाळेच्या गाडीवर कर. नवख्यांसाठी मुख्य जागा दोन : चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे. चेन्नईचा ट्रॅक १९९० पासूनचा आहे, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, लांबी ३.७ किलोमीटर आणि वळणं १२. कारी लहान आहे, दोन किलोमीटरांच्या आसपास, आणि लहान गाड्यांना तो मानवतो. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा आहे, त्याच्या लांब सरळीवर आर१५ चालवणाऱ्याला कंटाळा येईल. धुळ्याहून आग्रा रोडने इंदूर जवळ, म्हणून पिथमपूरच्या नॅट्रॅक्सबद्दल बरेच जण विचारतात. ती वाहनांच्या चाचणीची जागा आहे, तिथला ११ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक नवशिक्याच्या कामाचा नाही.

चेन्नईत रजनी कृष्णन यांच्यासारख्या राष्ट्रीय विजेत्यांच्या अकादम्या आहेत, गाडी कंपन्याही प्रशिक्षणाचे दिवस भरवतात, आणि कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग या ट्रॅकवर झालेले आहेत. नोंदणी करताना चार गोष्टी लेखी विचारून घे : गाडी आणि लेदर सूट भाड्याने मिळतो का, गाडी पाडली तर दुरुस्तीचा खर्च कुणाचा आणि त्याची वरची मर्यादा किती, एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, आणि अपघात विमा काय देतो. तुझ्या आरोग्य विम्यात शर्यत बसते का तेही पॉलिसीतल्या ‘वगळलेल्या बाबी’ वाचून बघ. बहुतेकांत बसत नाही.

दिवस साधारण असा जातो : सकाळी वर्ग, मग पंधरा-वीस मिनिटांचं सेशन, परत वर्ग, परत सेशन, असं पाच-सहा वेळा. ऐकायला कमी वाटतं, पण चौथ्या सेशनपर्यंत मांड्या थरथरतात. बरेच जण दुपारनंतर, दमल्यावर पडतात. तसेच पहिल्या दोन फेऱ्यांत, टायर थंड असताना. म्हणून सुरुवातीच्या दोन फेऱ्या सावकाश, आणि शेवटचं सेशन अंगात त्राण नसेल तर सोडून द्यायचं. चेन्नईच्या दमट हवेत लेदर सूटमध्ये घाम फार जातो. नुसतं पाणी पुरत नाही, प्रत्येक सेशननंतर ओआरएस घे.

वळणात काय बिघडतं, ते जाण्याआधी डोक्यात ठेव. वळणाच्या मध्यात घाबरून ब्रेक ओढला तर गाडी उभी राहते आणि सरळ बाहेर जाते. फारच ओढला तर पुढचं चाक निसटतं. थ्रॉटल एकदम बंद केला तर भार पुढे येतो, लाइन म्हणजे वळणातली ठरवलेली वाट बिघडते. कल वाढत असतानाच थ्रॉटल वाढवला तर मागचं चाक सरकतं. त्यात घाबरून थ्रॉटल पटकन बंद केला की सरकलेलं चाक एकदम पकड घेतं आणि रायडर वर फेकला जातो. सगळ्यात वाईट पडणं ते. सूत्र सोपं आहे : कल वाढवायचा तेव्हा थ्रॉटल स्थिर, गाडी उभी होऊ लागली की थ्रॉटल वाढवायचा. गिअर उतरवणं वळणाआधीच संपवायचं आणि क्लच सोडताना थोडी रेस द्यायची, नाहीतर मागचं चाक उड्या मारतं. स्लिपर क्लच मदत करतो, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.

आणि नजर. गाडी नजर जाते तिकडे जाते. प्रत्येक वळणाला चार खुणा शोध : ब्रेक कुठे, वळायचं कुठे, आतली कड कुठे, बाहेर कुठे पडायचं. खूण न हलणारी हवी, डांबरावरचा डाग किंवा कर्बचा (ट्रॅकच्या रंगवलेल्या कडेचा) रंग चालतो, सावली चालत नाही. एका खुणेवर पोचण्याआधीच नजर पुढच्या खुणेवर गेलेली असली पाहिजे. प्रत्येक सेशननंतर या खुणा वहीत लिहून काढ. बारापैकी ज्या वळणाच्या खुणा आठवत नाहीत, तिथेच तुझा वेळ जातो आहे.

झेंडे पाठ करून जा. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, वेग उतरवून पिटमध्ये (ट्रॅकलगत गाड्या थांबवायच्या जागेत) यायचं. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्त्याची पकड गेली आहे. निळा म्हणजे मागून वेगवान रायडर येतो आहे, तेव्हा आपली लाइन सोडायची नाही, जागा तोच काढेल. तुझ्या नंबरासोबत नारिंगी गोळ्याचा काळा झेंडा दिसला तर गाडीत बिघाड आहे, ताबडतोब ट्रॅक सोडायचा. पिटमध्ये शिरताना हात किंवा पाय बाहेर काढून मागच्याला खूण करायची.

सामानात काटकसर नको. फुल-फेस हेल्मेट, डबल डी-रिंगचा पट्टा असलेलं, ईसीई २२.०६ या युरोपीय किंवा त्या तोडीच्या प्रमाणपत्राचं आणि न पडलेलं. मनगटावर चढणारे ग्लोव्ह्ज. घोट्याच्या वर जाणारे रेसिंग बूट. लेव्हल २ चा बॅक प्रोटेक्टर. वन-पीस लेदर सूट, किंवा कमरेला पूर्ण चेनने जोडला जाणारा टू-पीस. हायवेवरचं जाळीचं जॅकेट इथे चालत नाही, घसरताना ते काही क्षणांत फाटतं. हे सगळं बऱ्या दर्जाचं घ्यायचं तर लाखाच्या आसपास जातं. म्हणून पहिल्या वेळी सूट भाड्याने घे आणि हेल्मेट, ग्लोव्ह्ज, बूट, बॅक प्रोटेक्टर स्वतःचे घे. लेदर सूट उभं राहून मापला तर चुकतो. गाडीवर वाकून बसल्यावर तो पाठीला, गुडघ्याला ताणला पाहिजे, सैल असेल तर पडताना पॅड जागेवरून सरकतात.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी तुझी आर१५ न्यायची झाली तर तयारी अशी. आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, साडी गार्ड, मागचे फूटरेस्ट आणि साइड स्टँड काढायचा. बीएस६ गाड्यांना स्टँडचा सेन्सर असतो, स्टँड काढताना त्याची नीट सोय लावावी लागते, नाहीतर गिअर टाकताच इंजिन बंद पडतं. हेडलाइट-टेललाइटवर कापडी टेप लाव, फुटली तर काच ट्रॅकवर सांडत नाही. फूटरेस्टखालचा बोल्ट काढून टाक. चाकावरच्या बॅलन्सच्या शिशावर टेप चिकटव.

ऑइलचा ड्रेन बोल्ट, भरायचं झाकण आणि फिल्टर कव्हरचे बोल्ट तारेने बांधायचे. बोल्टच्या डोक्यात दीड मिलिमीटरचं भोक लेथवाल्याकडून पाडून घे आणि स्टेनलेसची ०.८ मिलिमीटरची तार अशी ओढ की ती बोल्ट आवळण्याच्या दिशेने ताणलेली राहील. उलट बांधली तर बांधून उपयोग नाही. हे तुझ्यासाठी जितकं, तितकंच मागच्यांसाठी आहे, तुझं ऑइल सांडलं की त्यावरून पाच जण पडतात. कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर भर. ग्लायकॉलवाला कूलंट सांडला तर तेलासारखा चिकट राहतो आणि लवकर सुकत नाही.

ब्रेक ऑइल नवीन डॉट ४. जुनं ओलावा ओढून घेतं, ट्रॅकवर तापलं की उकळतं आणि लिव्हर थेट हँडलला येऊन लागतो. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. कोनसेट, चाकांचे बेअरिंग, फोर्कची ऑइल सील तपास. थ्रॉटल सोडला की खटकन बंद झाला पाहिजे, हँडल दोन्ही टोकांना वळवूनही. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे, गाडीवर बसून पुन्हा बघायचा, ताठ चेन मागचं सस्पेन्शन जखडते. एबीएस काढण्याच्या भानगडीत पडू नकोस.

टायर सुरुवातीला कंपनीचेच पुरतात, फक्त जुने नकोत. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाच : २३२३ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. तीन वर्षांहून जुना असेल तर बदल. पंक्चरची स्ट्रिप घातलेला टायर तर अजिबात नको. हवा थंड टायरमध्ये पुढे २७, मागे २८ पीएसआयपासून सुरू कर आणि सेशन संपताच, गरम असतानाच, स्वतःच्या गेजने मोज. तीन-चार पीएसआय वाढली तर ठीक. सहा-सात वाढली म्हणजे सुरुवातीला हवा फार कमी होती, टायर जास्त पिळला जाऊन तापला. एखादाच वाढली तर हवा जास्त आहे किंवा तू अजून टायर तापवण्याइतका वेग काढत नाहीस. एक्झॉस्ट, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), स्प्रॉकेट यांना पहिल्या वर्षी हात लावू नकोस. त्याने किती फरक पडला हे कळायला तुझी प्रत्येक फेरी एकसारखी यायला हवी. सलग दहा फेऱ्या एका सेकंदाच्या आत आल्या की मग बघू.

शर्यतीचा रस्ता यानंतरचा. परवाना एफएमएससीआय ही देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना देते. त्यासाठी वैद्यकीय तंदुरुस्ती आणि नवख्यांना प्रशिक्षणाचा दाखला लागतो, अठराच्या आतल्यांना पालकांची संमतीही. नियमावली दरवर्षी नव्याने निघते, ती मुळातून वाचायची. तुझ्यासारख्याला वन-मेक स्पर्धा सोयीची, कारण सगळ्यांना कंपनीने तयार केलेली एकसारखी गाडी मिळते आणि निवड फेरीतल्या वेळेवर जागा ठरते. टीव्हीएसच्या स्पर्धेत मुलींचा वेगळा वर्ग आहे. हे वाचणाऱ्या एखाद्या ताईने तो जरूर बघावा. वयाचं खरं सांगायचं तर मार्केझ १७ व्या वर्षी विश्वविजेता होता, तेव्हा मोटोजीपीचं दार तुझ्यासाठी उघडणार नाही. राष्ट्रीय पातळीवर नवख्यांच्या वर्गात तेविशी अडचणीची नाही.

राहिले आप्पा. ‘समजावू कसं’ असं विचारतोस, पण त्यांचा विरोध कशाला आहे हे पत्रातून मला कळलं नाही. बहुधा त्यांनी तुझं ट्रॅकवरचं काही पाहिलेलंच नाही. त्यांनी पाहिलंय ते पहाटे घाटात जाणारं पोरगं आणि कर्जाचा कागद. या दोन्हींबद्दल त्यांचं बरोबर आहे, आणि तसं त्यांना सांग. घाट बंद केल्याचं तोंडाने सांगू नकोस, दोन-तीन महिने खरोखर बंद करून दाखव. मग नोंदणीच्या अर्जावर सही करण्याआधी तो अर्ज, विम्याची कागदं आणि खर्चाचा हिशोब त्यांच्यापुढे ठेव. जमलं तर त्यांनाच चेन्नईला सोबत ने. सगळे एकाच दिशेने जाताहेत, कडेला कठड्याऐवजी मोकळी जागा आहे, प्रत्येक वळणावर मार्शल आहे, ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर हजर आहेत, हे डोळ्यांनी बघितल्यावर बोलणं वेगळं होतं. ट्रॅकवरही हाडं मोडतात, हे लपवू नकोस. मायलाही तेच सांग.

प्रवासाला नवजीवन एक्स्प्रेस आहे, नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नईला जाते. तू जळगावहून बस, साधारण एक दिवसाचा प्रवास. गाडी नेण्याची वेळ आली तर तीही रेल्वेने जाते. टाकी पूर्ण रिकामी हवी, आरसी बुक आणि ओळखपत्राची प्रत, वरून गोणपाटाचं पॅकिंग. आदल्या दिवशीच पार्सल ऑफिसला पोचव आणि फेअरिंग काढून वेगळं बांध, चढवता-उतरवताना तेच फुटतं. चेन्नई स्टेशनपासून ट्रॅक चाळीसेक किलोमीटर, छोटा हत्ती करावा लागेल. दोन-तीन जण मिळून गेलात तर परवडतं.

तुझ्या दीड लाखातून आधी हेल्मेट, बूट, ग्लोव्ह्ज, बॅक प्रोटेक्टर घे आणि एका वर्गाची फी, प्रवास बाजूला काढ. उरेल ते दुसऱ्या वर्गासाठी आणि पडझडीसाठी राहू दे. दोन वर्ग झाल्यावरही ओढ तशीच असेल तर सूट घे. आरसी ३९० चा विषय त्याच्याही पुढचा.

आणि ट्रॅकवरून परत आल्यावर गाडी रस्त्यावर काढण्याआधी डिस्टिल्ड वॉटर काढून पुन्हा कूलंट भर, नुसत्या पाण्याने रेडिएटर आणि वॉटर पंप आतून गंजतात. टायरची हवा कंपनीच्या आकड्यावर आण, आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट लाव, आणि ब्रेक पॅड पुन्हा एकदा मोज.